पोरांचा पहिला अल्बम आणि आईची वही

‘जालना सोने का पालना’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो. बियाण्यांच्या कंपन्या आल्या, लोखंडाचे कारखाने आले, मोसंबीच्या बागा बहरल्या. आता याच जिल्ह्यातल्या घरांच्या मागच्या खोल्यांतून संध्याकाळी वेगळेच आवाज ऐकू येतात. कुणाच्या गळ्यात गिटार, कुणाच्या मांडीवर ढोलकी, कोपऱ्यात कीबोर्ड, आणि मधे वही धरून गाणारी एखादी मुलगी. आपण स्वयंपाकघरातून ‘अरे, जरा हळू!’ म्हणून ओरडतो आणि पुन्हा पोळ्यांना लागतो.

मग एक दिवस ताटावर बसल्याबसल्या मुलगा सांगतो, ‘आई, आमचा बँड पहिला अल्बम काढतोय. आमचीच गाणी, आमच्याच खर्चानं.’ घरात क्षणभर शांतता पसरते. वडील विचारतात, ‘आणि नोकरीचं काय?’ आपल्या मनात मात्र दुसराच प्रश्न असतो. ठेव मोडावी लागणार का? पाटल्यांवर तर येणार नाही ना?

हा लेख त्या प्रश्नासाठी आहे. मुलांनी गावं की नाही, हे ज्या त्या घराने ठरवावं. पण अल्बम म्हणजे काय, तो कसा होतो, त्यात पैसा कुठे जातो आणि मुलं कुठे फसतात, एवढं आईला ठाऊक असलं तर बरंच काही वाचतं.

अल्बम म्हणजे नक्की काय?

अल्बम म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे लग्नाच्या फोटोंचा जाडजूड अल्बम येतो. गंमत म्हणजे गाण्यांच्या अल्बमचं नावही तशाच वहीवरून पडलं. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचं गाणं मावायचं. मोठी रचना चार-पाच तबकड्यांवर विभागावी लागे, आणि त्या तबकड्या फोटोंच्या वहीसारख्या पुठ्ठ्याच्या बांधणीत ठेवत. ती वही म्हणजे अल्बम! पुढे १९४८ मध्ये लाँग प्ले तबकडी आली. तिच्या एकेका बाजूला वीस मिनिटांच्या आसपास संगीत बसू लागलं, आणि एकत्र ऐकायच्या गाण्यांच्या संचाला अल्बम म्हणायची रीत पक्की झाली. १९६३ मध्ये फिलिप्स कंपनीने कॅसेट आणली. आज सारं मोबाइलवर आलं आहे, तरी आठ-दहा गाणी एका क्रमाने लोकांपुढे ठेवायची ही रीत टिकून आहे.

पूर्वी हे काम कंपनीशिवाय होत नसे. आपल्याकडे १९०२ मध्ये कलकत्त्यात गौहर जान यांचं गाणं ध्वनिमुद्रित झालं, तेव्हा यंत्र परदेशी, तंत्रज्ञ परदेशी, तबकड्याही परदेशात छापून येत. गाणं संपताच गौहर जान आपलं नाव मोठ्याने सांगत, म्हणजे तिकडच्या कारखान्यात कुठल्या तबकडीवर कुणाचं नाव लावायचं ते कळावं. आपल्या गाण्यावर आपलं नाव राहावं, ही काळजी इतकी जुनी आहे. पुढे कितीतरी दशकं हिज मास्टर्स व्हॉइस म्हणेल ती पूर्व दिशा होती. १९८० च्या सुमारास कॅसेटचा काळ आला आणि छोट्या कंपन्यांनी भारुडं, भीमगीतं, लोकगीतं गावोगावी नेली. आता तर कंपनी नसली तरी चालतं. ज्या बँडमागे सिनेमा नाही, कंपनी नाही, स्वतःची गाणी स्वतःच्या हिमतीवर काढतो, तो स्वतंत्र बँड.

गिटार विकून केलेली सुरुवात

आपल्या देशातल्या एका बँडची हकीकत मुद्दाम सांगावीशी वाटते, कारण या वाटेवरचे सारे खाचखळगे तिच्यात आले आहेत. बँडचं नाव ‘इंडियन ओशन’, गाव दिल्ली. सुस्मित सेन गिटार वाजवत, असीम चक्रवर्ती तबला वाजवता वाजवता गात. दोघांची ओळख १९८४ ची, बँड उभा राहिला १९९० मध्ये. त्या काळी बँड म्हणजे इंग्रजी गाण्यांची नक्कल असाच समज होता. यांना मात्र आपलंच काही वाजवायचं होतं. गिटारीच्या जोडीला तबला, चालीत आपले राग, आपले ठेके.

कंपनीला ऐकवायला नमुन्याची टेप लागते. तिच्या खर्चासाठी सुस्मित सेन यांनी आपली इलेक्ट्रिक गिटार विकली. वादकाने वाद्य विकायचं म्हणजे गवंड्याने थापी विकण्यासारखंच! ती टेप उपयोगी पडली. हिज मास्टर्स व्हॉइसने त्यांना घेतलं आणि १९९३ मध्ये बँडच्याच नावाचा पहिला अल्बम बाजारात आला.

गोष्ट इथे संपली असती तर ‘मेहनतीचं फळ गोड’ म्हणून आपण मोकळ्या झालो असतो. पण दुसऱ्या अल्बमसाठी चार वर्षं गेली. १ जानेवारी १९९७ ला दिल्लीत सफदर हाशमी यांच्या स्मृतिदिनी उघड्यावर झालेल्या कार्यक्रमात त्यांचं वाजवणं जसंच्या तसं ध्वनिमुद्रित झालं, आणि तोच ‘डेझर्ट रेन’ नावाने दुसरा अल्बम झाला. मोठी कंपनी पाठीशी नव्हती. तिसरा अल्बम ‘कंदिसा’ २००० मध्ये आला आणि बँडचं नाव देशभर झालं. त्यात ‘मा रेवा’ हे नर्मदेचं गाणं आहे. बँडमधले राहुल राम नर्मदा आंदोलनात होते आणि ते सूर नर्मदाकाठचे आहेत. आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुवा, धडगावला लागून वाहते तीच ही नर्मदा.

२०१० मध्ये या मंडळींनी आणखी एक पाऊल टाकलं. नवा अल्बम कंपनीकडे न देता दर महिन्याला एक गाणं याप्रमाणे लोकांना फुकट दिला. त्याचं नाव ‘१६/३३० खजूर रोड’. हा त्यांच्या तालमीच्या जुन्या घराचा पत्ता! म्हणजे ज्या घराने गोंगाट सोसला, त्याचंच नाव अल्बमला दिलं. असीम चक्रवर्ती डिसेंबर २००९ मध्ये वारले होते. त्यांचा आवाज मात्र त्या अल्बममध्ये राहिला.

या हकिकतीतून दोन गोष्टी घ्यायच्या. पहिला अल्बम निघाला म्हणजे नाव झालं, असं नाही. त्यांना सात वर्षं आणि तीन अल्बम लागले. आणि मंडळी टिकून राहिली ती तालमीला जागा मिळाली म्हणून. ती जागा आपल्याकडे मागच्या खोलीत आहे.

गाणं शिजतं कसं?

स्टुडिओत जाऊन सगळे एकदम गातात आणि अल्बम तयार होतो, असं आपल्याला वाटतं. तसं क्वचितच होतं. बहुतेक वेळा थरावर थर चढवावे लागतात. आधी सगळ्यांच्या कानात ठोक्याचा टिकटिक आवाज सोडतात, म्हणजे लय धावत नाही. त्यावर ढोलकी किंवा ड्रम, मग गिटार, कीबोर्ड, आणि शेवटी गळा. प्रत्येकाचा आवाज वेगळा साठवलेला असतो, त्यामुळे एकाची चूक झाली तर तेवढीच पुन्हा करता येते.

मग येतं मिक्सिंग. आमटीत मीठ, चिंच, गूळ कशाने कशाला दाबायचं नाही, हे जसं आपण जिभेवर ठरवतो, तसं इथे कानावर ठरवतात. ढोलकीने शब्द खाल्ले तर गाणं फुकट. शेवटी मास्टरिंग. सगळी गाणी एकामागोमाग ऐकताना एक मोठं, एक बारीक असं वाटू नये, म्हणून अखेरचा हात फिरवतात.

आता खरी खर्चाची जागा पाहा. स्टुडिओचे पैसे बहुधा तासावर असतात. मुलं तिथे जाऊन ‘हे कडवं दोनदा घ्यायचं की एकदा’ यावर वाद घालत बसली, तर मीटर पळतच असतं. म्हणून सारे वाद घरी. प्रत्येक गाणं आधी साध्या मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावं, आठवडाभर ऐकावं, आणि गाणं पाठ झाल्यावरच स्टुडिओची वेळ ठरवावी. पंधरा गाणी अर्धीकच्ची नेण्यापेक्षा पाच पक्की न्यावीत.

पुष्कळ काम आता घरीही होतं. बरा माईक, चांगले हेडफोन आणि संगणक असला तर गळा घरच्या खोलीत घेता येतो. मात्र रिकाम्या खोलीत आवाज घुमतो. त्याला उपाय आपल्याच घरात आहे. भिंतींवर गोधड्या टांगायच्या, खाली सतरंजी घालायची, कपड्यांनी भरलेलं कपाट उघडं ठेवायचं. जाड कापड आवाज पिऊन घेतं. पंखा मात्र बंद लागतो, कारण त्याची घरघर माईकमध्ये उतरते. जालन्याच्या मे महिन्यात बंद खोलीत, पंख्याविना, हे काही खायचं काम नाही! त्यासाठी पहाटेची वेळ धरावी. रस्ता शांत, हवा गार, गळाही ताजा. वीज जाण्याचा भरवसा नाही, तेव्हा केलेलं काम लगेच दोन ठिकाणी साठवून ठेवायला सांगा. आणि तालीम रात्री दहाच्या आत आटपावी. रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकरला बंदी आहेच, पण शेजारणीशी संबंधही टिकवायचे आहेत ना?

पैशाची वही

बँड सुरांवरून फार कमी मोडतात, पैशावरून मोडतात. एकाच्या वडिलांनी जास्त पैसे घातले, दुसऱ्याने नुसती ढोलकी आणली, तिसऱ्याच्या घरचा चहा-नाश्ता कुणी धरलाच नाही. पुढे गाणं चाललं की प्रत्येकाला आपला वाटा मोठा दिसू लागतो.

म्हणून पहिल्या दिवसापासून वही घाला. आपण बायका भिशीचा हिशेब चोख ठेवतो, तसाच हा ठेवायचा. कुणी किती दिले, कशावर गेले, वाद्य कुणाच्या मालकीचं, उत्पन्न आलं तर वाटणी कशी, मधेच कुणी सोडून गेला तर काय. वहीवर सगळ्यांच्या सह्या घ्या. मित्रांत सह्या कसल्या, असं मुलं म्हणतील. त्यांना सांगा, मैत्री टिकावी म्हणूनच सह्या.

आणि दागिने? सरळच सांगते. पहिल्या अल्बमसाठी सोनं गहाण टाकू नये, घराची ठेव मोडू नये. मोबाइलवर गाणं एकदा वाजलं की कलावंताच्या हाती पैशांतच मोजावी अशी रक्कम पडते. हजारो वेळा ऐकलं गेलं तरी त्यातून कर्ज फिटत नाही. स्वतंत्र बँडची खरी कमाई कार्यक्रमांतून होते, आणि कार्यक्रम मिळण्यासाठी अल्बम हे ओळखपत्र असतं. ओळखपत्रासाठी कुणी पाटल्या विकत नाही. मुलांनी शिकवण्या घ्याव्यात, गणेशोत्सवात वाजवावं, वर्ष-दोन वर्षं साठवावं. साठवलेल्या पैशाचा अल्बम मुलं जपूनही करतात.

सही करण्याआधी

हा भाग मात्र हातातलं काम बाजूला ठेवून वाचा.

गाण्यात तीन वेगवेगळे हक्क असतात. शब्द लिहिणाऱ्याचा शब्दांवर, चाल लावणाऱ्याचा चालीवर, आणि ध्वनिमुद्रण करवून घेणाऱ्याचा ध्वनिमुद्रणावर. हा तिसरा हक्क साधारणपणे खर्च आणि व्यवस्था करणाऱ्याकडे जातो. म्हणून ‘आम्ही सगळा खर्च करतो, तुम्ही फक्त गा’ असं म्हणणारा माणूस भेटला की मुलांना ते वरदान वाटतं. त्यात मालकी मात्र त्याची होऊन बसते. गाणाऱ्यांचे आणि वाजवणाऱ्यांचेही स्वतंत्र हक्क कायद्याने मानले आहेत.

आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. २०१२ मध्ये त्यात मोठी सुधारणा झाली. तिच्यामुळे गीतकार आणि संगीतकार यांचा मानधनाचा वाटा कायम राहतो. गाणं कुणाला दिलं तरी तो वाटा सोडून देता येत नाही. हक्क देण्याचा करार लेखी आणि सहीचाच लागतो. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता धरतात. मात्र ‘कायमचे, जगभर’ असे शब्द लिहून त्याखाली सही केली, तर त्या सवलतीचा उपयोग उरत नाही. तेच दोन शब्द आधी शोधा. अठरा वर्षांखालच्या मुलाने केलेला करार कायद्याने करारच नाही, हेही ध्यानात असू द्या. आणि कागद घरी आणून, वकिलाला दाखवूनच सही होईल, असं ठणकावून सांगा. ‘आत्ताच्या आत्ता करा’ म्हणणाऱ्याचा हेतू ओळखावा.

गीतकार-संगीतकारांचे पैसे गोळा करणारी ‘आय.पी.आर.एस.’ ही संस्था १९६९ पासून आहे. गायकांची ‘इसरा’ ही संस्था २०१३ मध्ये निघाली. गाणी लोकांपुढे जाऊ लागली की सभासद होण्याची चौकशी मुलांनी करावी.

उलट बाजूही पाहायला हवी. मुलं दुसऱ्याचं काही उचलत तर नाहीत ना? संतांचे अभंग, समर्थांचे श्लोक सगळ्यांचे आहेत. समर्थांचं जन्मगाव जांब आपल्याच जिल्ह्यात, घनसावंगी तालुक्यात आहे. कुणीही नवी चाल लावून गावं. पण एखाद्या संगीतकाराने त्यांना लावलेली चाल मात्र त्याची असते. त्याच्या मृत्यूनंतरही साठ वर्षं तो हक्क चालतो. सिनेमातली चाल घेऊन शब्द बदलायचे, हे मेळ्यात खपलं तरी अल्बममध्ये अंगाशी येतं.

आजीची ओवी कुणाची?

आजकाल बँडमधल्या मुलांना लोकगीतांची ओढ आहे, आणि ती चांगलीच गोष्ट आहे. आपल्या भागात ओव्या, भारुडं, गोंधळ यांची काय कमी? मुलगा आजीजवळ बसतो, जात्यावरची ओवी मोबाइलवर घेतो, खाली गिटार भरतो. गाणं सुंदर होतं. पण अल्बमवर नाव कुणाचं लागतं? ‘पारंपरिक’ एवढंच. आजी त्यात कुठेच नाही.

हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या दोघांनी महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांत फिरून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा करवल्या. तीन हजारांहून जास्त बायकांनी त्या सांगितल्या. ओवीबरोबर ती सांगणाऱ्या बाईचं आणि तिच्या गावाचं नाव जपलं. ही ठेव २०१७ पासून ‘पारी’ या संस्थेने सगळ्यांसाठी खुली केली आहे. जी बाई सातबाऱ्यावर नव्हती, तिचं नाव निदान तिच्या गाण्यापुढे राहिलं. तुमच्या मुलांनीही तेवढं करावं. आजीला विचारावं, तिचं नाव लिहावं, आणि पैसे आले तर तिच्या हातावर ठेवावेत.

आणि गाणारी मुलगी असेल तर?

मुलाच्या बँडला आपण ‘छंद आहे’ म्हणतो. मुलगी गाऊ लागली की ‘लोक काय म्हणतील’ सुरू होतं. तालमीहून उशीर झाला, मुलांबरोबर बसते, उद्या स्थळं यायची आहेत! अंबडच्या दत्तजयंतीच्या संगीत महोत्सवात गायिकांना आपण मान डोलावून दाद देतो, त्याही कुणाच्या तरी मुलीच होत्या ना?

तिची काळजी जरूर घ्या. तालीम आपल्या घरी ठेवा, स्टुडिओला कोण कोण जाणार ते ठरवा, परतीची सोय आधी करा. पण काळजीच्या नावाखाली गळा आवळू नका. आणि एक गोष्ट विसरू नका. लग्न होऊन ती दुसऱ्या गावी गेली, तरी गायलेल्या गाण्यातला तिचा वाटा बँडमध्ये राहून जातो. वहीत तिचं नाव, तिच्या शब्दांचा, चालीचा हक्क आधीच लिहिलेला असेल तर ‘ती तर गेली सोडून’ असं कुणाला म्हणता येणार नाही. आपण मुलीला भांडी-दागिने मोजून देतो. तिच्या गाण्याचाही हिशेब द्यावा.

एवढं जवळ ठेवा

१. आधी तालीम, मग स्टुडिओ. गाणं कच्चं असेल तर तारीख पुढे ढकला.

२. खर्च साठवलेल्या पैशातून. सोनं आणि ठेव यांना हात नाही.

३. वही पहिल्या दिवसापासून. सगळ्यांच्या सह्यांसकट.

४. करार घरी आणल्याशिवाय सही नाही. ‘कायमचे’ हा शब्द शोधावा.

५. ज्याचे शब्द, ज्याची चाल, ज्याचा गळा, त्याचं नाव लागलंच पाहिजे.

बहुतेक पहिले अल्बम गाजत नाहीत, हे मुलांनाही मनातून ठाऊक असतं. ते तुमच्याकडे पैसे मागायला येतात तेव्हा खरं म्हणजे एक होकार मागत असतात. तो हिशेबाच्या वहीसकट द्या. आणि अल्बम निघाला की शेगडी बंद करा, खुर्ची ओढा आणि सगळी गाणी पहिल्यापासून शेवटपर्यंत, त्याच क्रमाने ऐका. आवडलेलं सांगा, न आवडलेलंही सांगा. भाजी अळणी झाली की घरचीच माणसं सांगतात, परकी नुसतं ‘छान’ म्हणून उठतात.